फोटो आणि व्हिडिओत प्रकाशाने खोली (डेप्थ) कशी आणावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एखादी खिडकी, एक-दोन दिवे किंवा नुसता फोन हाताशी असलेल्यांसाठी आहे. मोठ्या सेटवरही प्रकाश याच नियमांनी वागतो, तिथे फक्त माणसं आणि केबल जास्त असतात.

फोटो मुळात सपाटच असतो. मग त्यात खोली येते म्हणजे काय होतं?

प्रत्यक्षात अंतर कळायला आपल्याला दोन डोळ्यांची मदत होते. दोघांना दिसणारं दृश्य किंचित वेगळं असतं आणि त्या फरकावरून मेंदू हिशोब लावतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्यामुळे हा आधार गेला. मग उरतात त्या इतर खुणा: कोण कोणाला झाकतंय, काय लहान दिसतंय, लांबचं किती धूसर झालंय आणि उजेड-सावली कशी पडलीय. यातली शेवटची खूण बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

मेंदू या खुणेवर किती विसंबतो हे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये अगदी साध्या चित्रांनी दाखवलं. वरून उजळ आणि खाली काळवंडत जाणारं वर्तुळ फुगीर दिसतं. तेच चित्र उलटं धरलं की खळगा दिसतो. प्रकाश वरून येतो हे मेंदूने धरूनच ठेवलेलं असतं. हनुवटीखाली टॉर्च धरली की ओळखीचा चेहराही परका वाटतो, त्याचं एक कारण हे.

एक फरक मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या, कारण बहुतेकांची गल्लत इथे होते. खोली दोन प्रकारची असते. एक वस्तूची स्वतःची गोलाई: गाल वळून कानाकडे जातो, नाक पुढे येतं. दुसरं अंतर: माणूस पुढे, टेबल त्याच्या मागे, भिंत आणखी मागे. गोलाई सावलीच्या उतारातून येते, अंतर हे पुढच्या-मागच्या थरांच्या उजेडातल्या फरकातून. चेहरा छान गोल दिसतोय पण भिंतीवर चिकटवल्यासारखा, असं झालं तर पहिलं जमलंय आणि दुसरं राहिलंय. पुढची बरीच उत्तरं या दोन्हींपैकी एकाची आहेत.

माझ्याकडे भरपूर उजेड आहे, तरी व्हिडिओ सपाट का दिसतो?

भरपूर आहे म्हणूनच. छताचे दिवे, समोरची खिडकी, कॅमेऱ्यामागचा रिंग लाइट आणि पांढऱ्या भिंतींवरून परतणारा उजेड, सगळे मिळून सावली मारून टाकतात. कॅमेऱ्याच्या बाजूकडून येणारा प्रकाश तर सर्वांत वाईट, कारण त्याची सावली बरोबर माणसाच्या पाठीमागे पडते आणि लेन्सला दिसतच नाही. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा फोटो ओळखपत्रासारखा दिसतो तो याच कारणाने.

सगळे दिवे बंद करा. मग एकच लावा, कॅमेऱ्यापासून बाजूला नेऊन, आणि चेहऱ्याकडे बघा. दुसरा दिवा लावायचा असेल तर तो नेमकं कोणतं काम करणार आहे हे आधी स्वतःला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो बंदच बरा. या पानावरचा एकच सल्ला घ्यायचा झाला तर हा घ्या.

मुख्य दिवा नेमका कुठे ठेवायचा?

सुरुवात म्हणून कॅमेरा आणि माणूस यांना जोडणाऱ्या रेषेपासून साधारण ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या पातळीच्या वर, खाली झुकवून. तिथून हळूहळू सरकवा आणि फक्त नाकाची सावली बघत राहा. ती सावली सगळं सांगते. ओठांवर उतरली तर दिवा फार वर गेलाय, डोळ्यांचे खड्डेही काळे पडले असतील. सावली दिसतच नसेल तर दिवा कॅमेऱ्याच्या फार जवळ आहे. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला, तर ती रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाणारी रचना. या डच चित्रकाराच्या (१६०६–१६६९) व्यक्तिचित्रांत असा उजेड वारंवार दिसतो. मुलाखतीला आणि पोर्ट्रेटला ती सहसा दगा देत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. माणूस कॅमेऱ्याकडे सरळ न बघता थोडा वळून बसला असेल, तर दिवा कोणत्या बाजूला? बरेचजण कॅमेऱ्याकडे आलेला रुंद गाल उजळतात, कारण दिवा तिथे ठेवायला सोपा. चेहरा त्याने पसरट होतो. दिवा पलीकडे न्या, म्हणजे माणूस जिकडे बघतोय त्या बाजूला. कॅमेऱ्याजवळचा गाल सावलीत जाईल, दूरचा उजळेल आणि चेहऱ्याचा वळसा स्पष्ट दिसेल. मुलाखत घेणारा दिवा आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसला की हे आपोआप जुळतं.

दोन्ही डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब दिसतंय ना, एवढं पाहा. ते नसेल तर नजर मेल्यासारखी वाटते.

फिल लाइट किती द्यायचा?

फिल म्हणजे सावलीची बाजू थोडी उजळणारा प्रकाश. तो वाटतो त्यापेक्षा कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं. उजळ बाजू आणि सावलीची बाजू यांत १ स्टॉपचा फरक म्हणजे २:१ हे प्रमाण: प्रसन्न, जरा सपाट, जाहिरातीतलं हसू. २ स्टॉप म्हणजे ४:१: चेहऱ्याला आकार येतो, सावलीतले तपशीलही दिसतात. ३ स्टॉप म्हणजे ८:१: गंभीर, नाट्यमय. कॅमेऱ्यातलं स्पॉट मीटर (एका छोट्या जागेचा उजेड मोजणारं) एकेका गालावर धरलं तरी अंदाज येतो.

फिलसाठी दुसरा दिवा लागेलच असं नाही. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा आणि जवळ-लांब करून प्रमाण ठरवा. पांढऱ्या भिंतींच्या लहान रूममध्ये अडचण उलटी येते: फिल न मागताच मिळतो. तिथे त्याच बाजूला काळा कपडा टांगा, चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आणून. सेटवर याला निगेटिव्ह फिल म्हणतात. खिडकीच्या उजेडात शूट करणाऱ्याने दुसरा दिवा घेण्याआधी हा कपडा घ्यावा.

माणूस भिंतीपासून सुटा कसा दिसेल?

आधी भिंतीपासून दूर बसवा. जागा असेल तेवढं, दोन मीटर मिळाले तर उत्तम. मग व्यस्त वर्गाचा नियम कामाला लावा: दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणजे २ स्टॉपने कमी.

समजा दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि भिंत चेहऱ्याच्या २ मीटर मागे. भिंत दिव्यापासून ३ मीटरवर आली, म्हणून तिला चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढा उजेड मिळेल, म्हणजे ३ स्टॉपहून थोडा जास्तच फरक. चेहरा नीट एक्स्पोज केला (कॅमेऱ्यात येणारा उजेड चेहऱ्यानुसार बसवला) की भिंत आपोआप काळोखात जाते. आता तोच दिवा चेहऱ्यापासून ४ मीटरवर न्या, बाकी काही हलवू नका. भिंत ६ मीटरवर, आणि फरक जेमतेम सव्वा स्टॉप. रूम तीच, दिवा तोच, पण माणूस पुन्हा भिंतीला चिकटला. मागचं काळं हवं तर दिवा जवळ आणि मागचंही दिसायला हवं तर दिवा लांब, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. हे आकडे लहान दिव्यासाठी आहेत. मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर बसवायची पांढऱ्या कापडाची पेटी) अगदी जवळ असेल किंवा मोठी खिडकी असेल तर उजेड यापेक्षा सावकाश उतरतो. उन्हात हा खेळ चालत नाही: सूर्य इतका दूर आहे की पाच मीटर पुढे-मागे होण्याने काहीच बदलत नाही.

भिंत नुसती काळी करून टाकणं हा आळशी उपाय आहे. त्यापेक्षा अदलाबदल करून बघा: चेहऱ्याची उजळ बाजू गडद पार्श्वभूमीवर, सावलीतली बाजू उजळ पार्श्वभूमीवर. भिंतीवर एका बाजूने तिरपी तिरीप पाडली की हे होतं. चेहऱ्याच्या दोन्ही कडा तुटून दिसतात आणि प्रेक्षकाला काही केलंय असं जाणवतही नाही. चौकटीत पुढे एखादी अंधारी वस्तू, मधे उजळ माणूस आणि मागे मध्यम उजेडाची भिंत असे तीन थर मिळाले तर नजर आपोआप आतपर्यंत जाते.

तपासायला मॉनिटरवरचे रंग शून्यावर आणा आणि डोळे बारीक करून बघा. कृष्णधवल चित्रात माणूस मागच्यात मिसळत असेल तर लाल शर्टाने तो वाचलेला नाही.

मागून रिम लाइट लागतोच का?

नाही. माणसाच्या कडा मागून उजळणारा हा दिवा काळे केस आणि काळी भिंत असेल तर लागतो. बाकी वेळी तो सवयीने लावला जातो आणि माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. लावलाच तर चौकटीत त्याला काही कारण असू द्या: मागे खिडकी किंवा दिवा. उजेड मुख्य दिव्याएवढा किंवा थोडा कमी ठेवा. टक्कल, चमकदार केस आणि ओली त्वचा यांवर तो दुप्पट जोरात दिसतो. दिवा लेन्समध्ये घुसत असेल तर कटर (उजेड अडवणारा काळा फलक) किंवा पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरा.

मऊ प्रकाश घेतला तर खोली जाते का?

मऊपणाने खोली जात नाही, दिशा गेली की जाते. मऊ म्हणजे उजेड-सावलीची सीमा हळुवार, इतकंच. बाजूने येणारा मऊ प्रकाश गालाची गोलाई कडक प्रकाशापेक्षा सुरेख दाखवतो, कारण उतार लांब मिळतो. १९५६ च्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओतल्या घराच्या चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून उजेड खाली परतवला. मऊ, पण चौकातून उतरणारा, म्हणून दिशा शाबूत.

मऊपणा दिव्याच्या आकारावर अवलंबून असतो, पण तो आकार माणसाच्या जागेवरून किती मोठा दिसतो यावर. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण आपल्याला तो आकाशात अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स हातभर अंतरावर मऊ आणि तीन मीटरवर बऱ्यापैकी कडक. कापड, झाड, दगड, सुरकुत्या यांचा पोत दाखवायचा तेव्हा मुद्दाम लहान दिवा घ्या आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर मारा.

रंगाने खोली आणता येते का?

येते, आणि ती उजेडाच्या फरकाला छान जोड देते. नेहमीची रीत म्हणजे पुढे उबदार, मागे थंड. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, घरातला पिवळा बल्ब २७००, स्टुडिओतला टंगस्टन ३२००, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास आणि निरभ्र दिवशी सावलीतला ७००० किंवा त्याहूनही वर. चेहऱ्यावर टंगस्टन, मागे संध्याकाळची खिडकी आणि कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (कोणता रंग पांढरा धरायचा ते) ३२०० वर ठेवलं की खिडकी गडद निळी होते. फार निळी वाटली तर व्हाइट बॅलन्स ४००० कडे न्या, खिडकीचा निळेपणा कमी होईल आणि चेहरा थोडा उबदार होईल. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा हा फरक स्वतःच्या मर्जीने पुसत बसतो.

जेल (दिव्यासमोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावणार असाल तर निळं जेल नारिंगीपेक्षा बराच जास्त प्रकाश खातं, म्हणून सहसा मागच्या दिव्याला निळं देण्यापेक्षा पुढच्याला नारिंगी देऊन व्हाइट बॅलन्स खाली आणणं परवडतं. एलईडी घेताना सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९५ च्या पुढे पाहा. स्वस्त दिव्यांत लाल रंग कमी पडतो आणि त्वचा आजारी दिसते. एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने जांभळा असा उजेड प्रत्येक व्हिडिओत दिसायला लागलाय. त्याने रंग येतात, पण दोन्हींचा उजेड सारखाच असल्यामुळे अंतर काही येत नाही.

टेबललॅम्पसारखे दिवे चौकटीत ठेवावेत का?

जरूर. ते मागच्या थराला ठिकाण देतात. बल्ब मात्र कमी शक्तीचा घ्या किंवा डिमरवर ठेवा, शेड पांढरीफट्ट व्हायला नको. चेहरा त्या लॅम्पनेच उजळलाय असं दाखवायचं असेल तर चौकटीबाहेर त्याच बाजूला, त्याच रंगाचा खरा दिवा लावा.

प्रकाशाचे किरण दिसावेत म्हणून धूर वापरू का?

हवेत कण असल्याशिवाय झोत बाजूने दिसत नाही. समोरून प्रकाश टाकला तर धुरामुळे सगळंच पांढुरकं होतं, मागून किंवा मागच्या तिरप्या कोनातून टाकला की झोत उठून येतो. शिवाय कॅमेऱ्यापासून दूरच्या वस्तूंवर जास्त धुकं दिसतं, त्या फिक्या होतात आणि डोंगरांच्या रांगांमध्ये दिसते तशी अंतराची भावना लहान जागेतही येते. १९५९ च्या 'कागज़ के फूल' या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी स्टुडिओच्या अंधारात वळवलं. तो झोत आजही छायाचित्रणाच्या वर्गात दाखवला जातो. उन्हात काम करायचं असेल तर आरशाला तोड नाही.

धूर अगदी विरळ ठेवा, प्रत्येक शॉटला सारखा ठेवा आणि जागा हवेशीर असू द्या. धुराचा अलार्म वाजू शकतो हे आधी संबंधितांना सांगून ठेवा.

भिंतीवर जाळीची किंवा पानांची सावली पाडायची आहे. ती धूसर का येते?

जाळी दिव्याच्या फार जवळ आहे. ती भिंतीकडे सरकवा, दिवा मागे न्या, दिव्यावरचा सॉफ्टबॉक्स काढा. खरा कवडसा थोडा अस्पष्टच असतो, त्यामुळे कडा फार धारदार करू नका.

भर दुपारी बाहेर शूट करायचं आहे. काय करता येईल?

माणसाला उन्हाकडे पाठ करून उभं करा, म्हणजे ऊनच रिम लाइट होतं. चेहऱ्याला समोरच्या फिक्या भिंतीवरून किंवा थर्माकोलवरून उजेड द्या. किंवा सावलीच्या कडेशी, छपराखाली उभं करा: डोक्यावरचं आकाश झाकलं जातं आणि उजेड एका बाजूने येऊ लागतो.

फ्लॅश असेल तर शटर मागच्या उजेडावर चालतं, चेहऱ्यावर पडणाऱ्या फ्लॅशवर त्याचा परिणाम होत नाही. ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं आहे ते) दोन्हींवर चालतं. म्हणून आकाश गडद हवं तर शटरचा वेग वाढवा, पण कॅमेऱ्याच्या सिंक वेगापर्यंतच (फ्लॅशसोबत नीट चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग), तो सहसा १/२०० किंवा १/२५० असतो. निसर्गचित्रासाठी दुपारी पाय आपटण्यापेक्षा सकाळी या. सूर्य क्षितिजाजवळ असताना जमिनीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो.

व्हिडिओत वेगळं काय सांभाळावं लागतं?

माणूस हलतो, आणि तो दिव्याकडे सरकला की उजेड बदलतो. दिव्यापासून १ मीटरवरचा माणूस २ मीटरवर गेला तर २ स्टॉप गेले. ४ मीटरवरचा ५ मीटरवर गेला तर पाऊण स्टॉपही जात नाही. चालण्याचे प्रसंग असतील तर दिवा मोठा आणि लांब हवा. एक्स्पोजर हाताने ठरवून लॉक करा. ऑटोवर सोडलं तर माणूस अंधारातून उजेडात येण्याची सगळी मजा कॅमेरा सपाट करतो.

दिवे लुकलुकण्याचाही त्रास होतो. ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून २५ फ्रेमला १/५० शटर सुरक्षित. ६० हर्ट्झच्या देशात १/६०. डिमरवर मंद केलेले काही एलईडी तरीही पट्टे देतात, आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून बघा.

फोनवर हे सगळं जमतं का?

दिव्याची जागा बदलण्याशी फोनचा काही संबंध नाही, त्यामुळे बरंचसं जमतं. अडचण एकच: फोन सावल्या स्वतःहून उचलतो. एचडीआर (सावल्या आणि उजळ भाग आपोआप सारखे करणारी सोय) बंद करता येत असेल तर करा, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि स्लायडर थोडा खाली ओढा.

गडद वर्णाच्या त्वचेसाठी प्रकाश वेगळा द्यायचा का?

दिवा वाढवायचा असा समज आहे, तो सोडा. फिक्या त्वचेवर आकार मुख्यतः सावलीतून कळतो, गडद त्वचेवर तो चमकेच्या पट्ट्यांतून जास्त कळतो: गालाचं हाड, कपाळ, नाकाची कड. म्हणून मोठा दिवा किंवा उजळलेला पांढरा पडदा बाजूने, थोडा मागून द्या, म्हणजे त्याचं रुंद, मऊ प्रतिबिंब त्वचेवर उमटेल. मागची भिंत काळी ठेवू नका आणि चेहरा ओढूनताणून उजळ करू नका, त्वचेचा खरा रंगच जातो.

चष्म्यात दिवा दिसतो.

दिवा वर आणि बाजूला न्या. चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलल्या तर काच खाली झुकते, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

काचेच्या आणि चकचकीत वस्तूंना गोलाई कशी आणू?

या वस्तू प्रकाश दाखवत नाहीत, भोवतालचं प्रतिबिंब दाखवतात. म्हणून वस्तूवर दिवा मारण्याऐवजी बटर पेपरवर मारा आणि तो पेपर वस्तूत दिसू द्या. दिवा पेपरच्या एका कडेकडे जवळ ठेवला की उजेडाचा उतार मिळतो आणि धातू गोल वाटतो. पारदर्शक काचेला मागून उजळ पडदा द्या, तो चौकटीएवढाच असू द्या आणि चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करा. काचेच्या कडा काळ्या रेषांनी रेखल्यासारख्या दिसतील. उलट करायचं असेल तर मागे काळं आणि बाजूंनी उजेड, कडा चमकतील.

एडिटिंगमध्ये खोली वाढवता येते का?

थोडी. उजळ भाग आणखी उजळ, मागचा थर एक पायरी खाली, कडा किंचित गडद, एवढं हातात आहे. पण चार बाजूंनी उजळलेल्या चेहऱ्याला दिशा देता येत नाही, तिथे सावलीच नसते. उलट जास्तीचं काळोखातलं उचलायला गेलात की कणकण दिसतात, लॉगमध्ये (नंतर रंग देण्यासाठीचं फिकं, सपाट रेकॉर्डिंग) कमी एक्स्पोज केलेल्या फुटेजमध्ये तर हमखास. लॉगमध्ये सावल्या भरपूर उजेडात नोंदवा आणि काळ्या मागाहून करा. गडद दृश्य हवं असलं तरी चेहऱ्याचा उजेड-सावलीचा फरक सेटवरच ठरलेला असू द्या. नंतर सगळं एकत्र खाली आणणं दोन मिनिटांचं काम आहे.